गावातल्या मुलांसाठी मुलांनीच बोलावं का?

प्रश्न : आम्ही जेऊरचे (ता. करमाळा, जि. सोलापूर) काही मित्रमैत्रिणी. निम्मे अकरावी-बारावीला, निम्मे कॉलेजात. आमच्या ओळखीची एक मुलगी दहावीनंतर पुन्हा शाळेच्या वाटेला दिसलीच नाही. तिचं लग्न लावून दिलं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा फडात फिरणारी लहान पोरंही आम्ही दरवर्षी बघतो. यावर काही करायचं म्हटलं की ऐकावं लागतं, ‘आधी शिका, मग समाज सुधारा.’ आमचे प्रश्न तीन. मुलांच्या हक्कांसाठी तरुणांनी, त्यातही अठराच्या आतल्यांनी, बोलल्यामुळे आपल्याकडे कधी काही बदललं आहे का? कायद्यात आमच्या बोलण्याला जागा आहे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?
— वाचक मित्रमैत्रिणी, जेऊर

उत्तर : बदललं आहे. त्याची फार जुनी उदाहरणं आपल्या मराठी मुलींचीच आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाने फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत एका विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापला. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. लिहिणारी मुक्ता साळवे जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिने कुणाकडे दया मागितली नाही. ज्यांना धर्मग्रंथ ऐकायचीही मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने विचारला. आपल्या समाजातल्या बायकांच्या डोक्यावर बाळंतपणातही छप्पर नसतं, हे तिने लिहिलं. तिच्या लोकांबद्दल तोवर इतर लिहीत होते. शाळेची काही वर्षं पदरी पडताच ती स्वतः लिहू लागली.

तीस वर्षांनी, १८८५ मध्ये, मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रं प्रसिद्ध झाली. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. पत्रं लिहिणारी रखमाबाई तेव्हा वीस वर्षांची होती. अकराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलेलं होतं. नवऱ्याकडे नांदायला जायचं तिने नाकारलं आणि त्याने कोर्टात दावा लावला. १८८५ मध्येच न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम निघाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही, यावर ती ठाम राहिली. १८८८ मध्ये तडजोड होऊन ती मोकळी झाली, इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरतेत बायकामुलांवर उपचार करत राहिली.

रखमाबाईंचा खटला आणि बंगालमधल्या फुलमणी दासी या बालवधूचा मृत्यू, या दोहोंमुळे देशभर वाद पेटला आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारावर नेलं. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. पुढे ते पंधरा झालं आणि १९७८ मध्ये अठरा. रखमाबाईंच्या पत्रापासून अठराच्या आकड्यापर्यंत ९३ वर्षं लागली. तुम्ही ज्या कायद्याच्या आधारावर आज बोलाल, त्याची सुरुवात एका विशीतल्या मुलीने केलेली आहे.

या दोघींच्या गोष्टीत तुमच्या कामासाठी फार मोलाचं असं काही आहे. मुक्ताचा निबंध तिच्या नावानिशी छापला गेला. रखमाबाईंनी नाव झाकलं आणि मागणी उघडी ठेवली. अलीकडे पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यातली अकरा वर्षांची मलाला २००९ मध्ये बीबीसी उर्दूसाठी ‘गुल मकई’ या टोपणनावाने लिहीत होती. २०१४ मध्ये ती नोबेल शांतता पुरस्काराची मानकरी झाली, तेव्हा १७ वर्षांची होती. दुःख ज्याचं, त्याचं नाव उघड करायचं की नाही हे ठरवायचा हक्कही त्याचाच. मुलांच्या हक्कांसाठी उभं राहणाऱ्या प्रत्येक गटाने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळायला हवी. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

तुमच्या गावचंच उदाहरण घ्या. नागराज मंजुळे जेऊरचे. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्याच ‘फँड्री’ चित्रपटातल्या जब्याने जातीची झळ सोसणारा शाळकरी मुलगा साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा केला. जब्या काल्पनिक आहे, म्हणून कुठल्याही खऱ्या मुलाला बोट दाखवून ‘हाच तो’ असं म्हणता येत नाही; तरी गावोगावच्या मुलांचं त्यात सगळं आलं आहे. गल्लीत पथनाट्य बसवाल, भित्तिपत्रक काढाल, मोबाइलवर छोटी फिल्म कराल, तेव्हा ही वाट तुम्हालाही मोकळी आहे.

कायद्यात जागा आहे का?

आहे, आणि एका नव्हे तर अनेक ठिकाणी.

राज्यघटनेच्या १९ व्या कलमातलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य ‘नागरिकां’ना आहे. तिथे वयाची अट नाही. अठराची अट मतदानाला आहे, बोलायला नाही. मतदानाचं वयही १९८९ पर्यंत २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आलं.

त्याच वर्षी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली. तिचं १२ वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला मत मांडू द्यावं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावं. मूल म्हणेल ते झालंच पाहिजे, असं त्यात नाही. पण त्याला न विचारताच ठरवून टाकणं चूक आहे, असं ते स्पष्ट सांगतं. १३ वं कलम अभिव्यक्तीचं, १५ वं एकत्र येऊन गट करण्याचं आणि १६ वं खासगीपणाचं. बोलण्याचा हक्क आणि नाव झाकून ठेवण्याचा हक्क संहितेत शेजारीशेजारी आहेत.

गावपातळीवर येऊ. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, आणि विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनाही जागा ठेवलेली आहे. शिवाय गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. अंगणवाडी सेविका, शिक्षक, गावातली जाणती माणसं यांच्या बरोबरीने तिच्यात मुलांचे दोन प्रतिनिधी धरलेले आहेत. या दोन्ही समित्या पुष्कळ गावांत फक्त वहीत जिवंत असतात. तुमच्या गटाचं पहिलं काम अगदी साधं आहे. शाळेत आणि ग्रामपंचायतीत जा आणि विचारा : समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, मुलांचे प्रतिनिधी कोण? हे विचारायला अठरा पूर्ण व्हावे लागत नाहीत.

सोलापूरला लागूनच असलेल्या कर्नाटकात याचा मोठा प्रयोग झाला आहे. तिथे १९९० च्या सुमारास काम करणाऱ्या मुलांनी ‘भीमा संघ’ ही आपली संघटना बांधली आणि पुढे मुलांच्या पंचायती उभ्या राहिल्या. या अनुभवातून मुलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची पद्धत त्या राज्यभर सुरू झाली. तिथे मुलं शाळेच्या वाटेवरचा ओढा, दारूचं दुकान, नादुरुस्त शौचालय असे नेमके प्रश्न मांडतात आणि ग्रामपंचायतीने त्यांना उत्तर द्यायचं असतं. मुंबईतही ‘युवा’ संस्थेच्या सोबतीने वस्त्यांमधल्या मुलांची बाल अधिकार संघर्ष संघटना उभी राहिली.

तुमच्या भागात कशावर बोलायचं?

तुम्ही प्रश्नातच दोन्ही गोष्टी नेमक्या धरल्या आहेत.

पहिली, बालविवाह. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं. सोलापूर जिल्ह्यात सुमारे ४० टक्के. म्हणजे राज्याच्या जवळपास दुप्पट. तेव्हा तुमच्या ओळखीच्या मुलीचं घर वाईट होतं, असं समजू नका. दहावीनंतर शाळा लांब, जायला वेळेवर गाडी नाही, वाटेत छेडछाडीची धास्ती, आईबाप कामाला बाहेर, आणि पोरगी जितकी मोठी तितका हुंडा जास्त, हा हिशेब. या प्रत्येक कारणावर तोडगा काढता येतो, आणि तो मागायला तुमच्यापेक्षा योग्य कोण? ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची योजना आहे. पण पास हातात असून कॉलेजच्या वेळेला गाडीच नसेल, तर पास दप्तरातच राहतो. कोणत्या गावाहून किती मुली येतात, किती वाजता निघतात, किती वाजता पोचतात, याची आठवडाभराची नोंद करून करमाळा आगाराच्या व्यवस्थापकांना निवेदन द्या. गाडीची वेळ बदलली तर तेवढ्यानेही काही मुलींचं शिक्षण टिकेल.

एखादं लग्न ठरल्याचं कानावर आलं, तर काय करायचं हे आधीच माहीत असू द्या. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो; शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि पोलिसांसाठी ११२ आहे. २००६ च्या कायद्यानुसार न्यायदंडाधिकारी मनाईहुकूम काढून लग्न थांबवू शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा प्रौढ पुरुष, लग्न लावणारे आणि लावून देणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दोषींत स्त्री असेल तर तिला कैद होत नाही. लग्न होऊन गेलं असलं तरी सगळं संपलं असं नाही. ज्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न लहानपणी झालं, त्याला किंवा तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येतं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुमच्या त्या मैत्रिणीलाही हे माहीत असण्याचा हक्क आहे. पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

इथे एक काळजी घ्या. लग्नघरी तुम्ही स्वतः जाऊन मांडवात वाद घालू नका. माहिती द्या आणि बाकीचं अधिकाऱ्यांना करू द्या. माहिती देणाऱ्याने आपलं नाव गुप्त ठेवायला सांगावं.

दुसरी गोष्ट उसाच्या फडातली. करमाळ्यात आदिनाथ आणि मकाई हे साखर कारखाने, उजनीच्या काठाने ऊस आणि केळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, अहिल्यानगर या भागांतून टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत काम. मुलं मागे ठेवायला कुणी नसेल तर तीही कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, येतात. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते, पोरगा बैलगाडीमागे वाढं गोळा करतो. शाळा गावी राहते.

इथे शिक्षणहक्क कायदा तुमच्या कामाला येईल. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येही नाही, वयाचा दाखला नसला तरी नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहे. गावी राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहंही चालवली जातात. हंगाम सुरू झाला की दोघातिघांनी शिक्षकांना बरोबर घेऊन कोप्यांवर जावं, शाळेच्या वयाची मुलं किती ते मोजावं आणि यादी मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. आईबापांशी बोलताना त्यांना गुन्हेगार ठरवू नका. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या बाईला पोर शाळेत जायला हवं हे कळतं. पोर दिवसभर सुरक्षित राहील का, हा तिचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर शाळेने आणि कारखान्याने द्यायचं आहे.

सुरुवात कुठून?

नाव झाका आणि मागणी उघडी करा, तिथून. आता हे सविस्तर.

आज कुणाच्याही हातात मोबाइल आहे, आणि कळवळ्यापोटी फडातल्या पोराचा फोटो, लग्न थांबवलेल्या मुलीचं नाव, आईबापांचा चेहरा गटागटांत फिरतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा ठरवलं आहे. पोक्सो कायद्यातही तशीच बंदी आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मोठं कारण हे, की तुम्ही निघून गेल्यावर त्या मुलीला त्याच गावात, त्याच घरात राहायचं असतं. तिची गोष्ट तिला सांगायची असेल तर ती सांगेल, मुक्तासारखी नावानिशी किंवा रखमाबाईंसारखी नावाविना. तोवर तुमच्या कागदावर आकडे असू द्यात, चेहरे नकोत.

मागणी मात्र अशी उघडी हवी, की तिच्याकडे कुणाला काणाडोळा करता येऊ नये. घोषणेला उत्तर द्यायचं बंधन कुणावर नसतं. अर्जावर पोच घेतली की उत्तर द्यावं लागतं. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. माहिती हवी असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ‘मुलांवर अन्याय थांबवा’ असं लिहू नका. ‘ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक या महिन्यात घ्यावी आणि मुलांचे दोन प्रतिनिधी नेमावेत’ असं लिहा.

आता ग्रामसभा. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि मतदार यादीतली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. तुमच्या गटातले अठरा पूर्ण झालेले नाव नोंदवून तिथे बसू शकतात, ठराव मांडू शकतात. अठराच्या आतल्यांनी नोंदी कराव्यात, पत्रकं लिहावीत, बालसभा भरवावी आणि आपलं म्हणणं मोठ्यांच्या हाती द्यावं. असा एक ठराव कुठवर पोचतो, ते करमाळा तालुक्यानेच दाखवलं आहे. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथेविरुद्ध मोहीम सुरू केली. आपल्या मृत्यूनंतर पत्नीचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, असं प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःपासून केलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. बालविवाह न होऊ देण्याचा ठराव जेऊरच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या ग्रामसभांत मांडायला काहीच हरकत नाही. फक्त ठरावात कोणी काय करायचं ते लिहा : लग्नपत्रिका छापणाऱ्याने, मंगल कार्यालयाने, आचाऱ्याने आणि लग्न लावणाऱ्याने वयाचा दाखला पाहायचा, आणि ग्रामसेवकाने दर ग्रामसभेत त्याचा हिशेब द्यायचा.

आता घरच्यांचं म्हणणं. ‘आधी शिका’ असं ते म्हणतात त्यामागे काळजी आहे. गावात वैर नको, पोरांचं वर्ष वाया जायला नको. ही काळजी मान द्यावी अशीच आहे. म्हणून कामं वाटून घ्या, परीक्षेच्या महिन्यांत हात आवरता घ्या, प्रत्येक बैठकीला एक शिक्षक किंवा अंगणवाडी ताई बरोबर असू द्या आणि राजकीय पुढाऱ्याच्या फलकाखाली उभं राहू नका. पण ‘आधी’ आणि ‘मग’ ही वाटणी मात्र मान्य करू नका. ज्या मुलीचं लग्न या उन्हाळ्यात ठरतंय, तिला तुम्ही पदवीधर होईपर्यंत थांबता येत नाही. तिच्या वर्गात बसणाऱ्यांनाच तिची गैरहजेरी सगळ्यांच्या आधी कळते. म्हणून या कामात तुमची जागा मोठी माणसं घेऊ शकत नाहीत.

ग्रामसभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. तारीख बघून घ्या आणि तुमचा अर्ज त्याआधी पोचता करा.